माझ्या डब्याचं पुण्यात काय झालं

पुण्यातली माझी आवडती हॉटेलं कुणी विचारली, तर मी झोपेतसुद्धा सांगीन. एक कॅम्पातलं, पिवळ्या दिव्यांच्या माळा लावलेलं. एक गच्चीवरचं, जिथं बसलं की सगळं शहर खाली लुकलुकताना दिसतं. आणि एक नदीपलीकडचं, लाल खुर्च्यांचं, निम्मं बार आणि निम्मं जेवणाचं. तिथं सुरमईचा तुकडा तापल्या तव्यावर चरचरतच टेबलापर्यंत येतो. आता गंमत ऐका. यातल्या एकाही हॉटेलात मी पाऊल टाकलं नव्हतं. मी राहते काष्टीला, आणि ही सगळी हॉटेलं मी पाहिली ती माझ्या धाकट्या जावेच्या मोबाईलच्या स्टेटसवर.

दर शनिवारी संध्याकाळी तिचं स्टेटस पडायचं आणि माझं डोकं फिरायचं. मोकळे केस, समोर उंच ग्लास, त्यात नळी, शेजारी माझे दीर बियर घेऊन बसलेले. आम्ही दोघी एकाच घरच्या सुना. तिच्या वाट्याला पुणं आलं आणि माझ्या वाट्याला लिंबाची बाग. दिवसभर लिंबं निवडून माझ्या हातांवर काट्यांचे ओरखडे, आणि हिच्या नखांना रंग. मला वाईट वाटायचं, असं कुणी समजू नये. मला राग यायचा. तरी मी तो फोटो दोन बोटांनी मोठा करकरून बघायची. कोणती भाजी, कसली ताटली, मागं कोण बसलंय. प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात एक धुरकट गुलाबी डाग असायचा. हॉटेलातल्या दिव्याचा असेल, असं मला वाटायचं.

शनिवारीच आमचे हे पिकअपमध्ये लिंबाच्या गोण्या भरून पुण्याला जायचे. संध्याकाळी मार्केट यार्डात गाडी रांगेला लावायची, रात्री मुक्काम दिरांकडं, आणि पहाटे माल उतरवायचा. जाताना मी डबा द्यायची. बाजरीच्या भाकरी, कोरडं पिठलं, शेंगदाण्याची चटणी. मला त्या दिवशी उपवास. लग्न झालं तेव्हा यांना साडेसाती होती, म्हणून सासूबाईंनी मला शनिवार धरायला लावला. साडेसाती केव्हाच संपली, उपवास मात्र मलाच चिकटला. त्यातही आमच्या घरची रीत अशी की नवरा जेवला असं कळल्याशिवाय बाईनं उपवास सोडायचा नाही. म्हणून दिवेलागण झाली की मी फोन करायची, जेवलात का म्हणून. ते म्हणायचे, व्हय, जेवलो तुझ्या डब्यातलं, सोड तू आता. मागं लई गलका असायचा. यार्डातले हमाल, असं ते सांगायचे.

मग मी वरणभात खाता खाता परत स्टेटस बघायची आणि जावेवर दुप्पट चिडायची. नवराबायको ऐटीत हॉटेलात बसतात, आणि हिचा थोरला दीर गोण्यांवर बसून गार भाकरी खातोय! एक दिवस तरी त्यांना सोबत न्यावं, एवढी माणुसकी नको? हे मी सासूबाईंना बोलूनही दाखवलं होतं.

मग दिरांनी नवा फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला आम्ही दोघंही गेलो, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जावेनं बाहेर जेवायला जायचं काढलं. कुठं जायचं म्हणून मलाच विचारलं. लाल खुर्च्यांचं, मी पटकन बोलून गेले. ती हसली. मी ठेवणीतली साडी नेसले, पावडर लावली. हे मात्र, कशाला एवढ्या लांब, इथंच कुठं तरी बसू, असं दोन-तीनदा म्हणाले. मला वाटलं, थकले असतील.

आत गेल्यावर मला काही नवं नव्हतं. मासे सोडलेली काचेची पेटी कुठल्या कोपऱ्यात आहे हेसुद्धा मला ठाऊक होतं. आम्ही चौघं बसलो. वेटर आला, यांच्याकडं बघून ओळखीचं हसला आणि म्हणाला, "काका, आज लिंबं नाही आणली?"

यांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि पीतच राहिले. त्या बिचाऱ्या वेटरला काय माहीत! तो मलाच कौतुकानं सांगत बसला, काका दर शनिवारी पिशवीभर लिंबं घेऊन येतात, बारमधल्या सोड्याला तीच वापरतो, बाजारात असली पातळ सालीची मिळत नाहीत. मिळतील कशी? ती मी निवडायची. भावाला देतो, जरा चांगली बाजूला काढ, असं हे दर शनिवारी सांगायचे. पिशवीचं तोंडसुद्धा मीच बांधून द्यायची.

जावेला वाटलं, दादा लाजले. ती मला समजावायला गेली आणि आणखीच घोळ करून बसली. म्हणाली, "ताई, तुमच्या डब्याची तर मी रविवारी सकाळी वाट बघते. भाकरी कुस्करायची, वर चटणी आणि कच्चं तेल. आठवडाभरात तेवढंच काय ते घरचं पोटात जातं."

अगदी मनापासून बोलली ती. पण माझ्या अंगाची आग झाली. म्हणजे हॉटेल हिचं, शनिवारी माझा नवरा हिच्या टेबलावर, आणि वर माझा डबाही हिच्याच पोटात! मी उपाशी बसून ज्याची काळजी करायची तो माणूस या खुर्चीत बसून, शनिवार असून, मासे खायचा.

तेवढ्यात दीर म्हणाले, दादा, वहिनींचा फोटो काढ की. यांनी मोबाईल हातात धरला. यांची जुनी खोड, यांनी काढलेल्या प्रत्येक फोटोत अंगठा येतो. आमच्या पोराच्या बारशाच्या फोटोतही आलाय. त्या दिवशी मी समोर बसून नीट पाहिलं, अंगठा बरोबर कोपऱ्यात. म्हणजे तो डाग दिव्याचा नव्हता. जावेचे सगळे फोटो यांनीच काढले होते, आणि मी इतके दिवस माझ्याच नवऱ्याचा अंगठा मोठा करकरून बघत होते. सुरमई आली. चांगली होती. त्याचाही मला राग आला.

परत येताना गाडी दौंडला आली. तेव्हा मी विचारलं, मला सांगायला काय झालं होतं. ते म्हणाले, कसं सांगू? तू दिवसभर उपाशी, तेही माझ्याच साडेसातीपायी. मी मासे खातोय असं तुला फोनवर सांगायचं का?

"सांगायचं न्हवतं, तर न्यायचं हुतं," मी म्हटलं.

त्यावर ते बागेला पाणी कोण देणार, जनावरांचं कोण बघणार, असं काहीबाही बोलत राहिले. न्यावंसं वाटलं होतं, एवढं एक वाक्य ते बोलले असते तरी माझं भागलं असतं. ते काही त्यांच्या तोंडातून आलं नाही.

पुढच्या शनिवारी मी डबा केला नाही. ते दारात जरा घुटमळले आणि गेले. मीही उपवास सोडून दिला. भरलं वांगं केलं, गरम भाकरीवर तूप घेतलं आणि दिवे लागायच्या आत पोटभर जेवले. फोन केला नाही. मग सवयीनं स्टेटस उघडलं. तेच लाल खुर्च्यांचं हॉटेल, पण कोपऱ्यात डाग नव्हता. वेटरनं फोटो काढला असणार, कारण यावेळी हे स्वतः मधोमध बसले होते. आता लपवायचं काय होतं! मान मागं टाकून, डोळे मिटून हसत होते. एवढ्या वर्षांच्या संसारात हे असं हसताना मी पाहिलेले नाहीत. गच्ची, पिवळे दिवे, सुरमई, सगळं मी जावेला देऊन टाकलं असतं. ते हसू मात्र माझं होतं, आणि ते मला तिच्या स्टेटसवर बघावं लागत होतं.

एवढ्यात फोन वाजला. हेच होते.

"आज फोन न्हाई केलास," ते म्हणाले. "जेवलीस का?"

आजवर त्यांनी हे मला कधी विचारलं नव्हतं. मागं तोच गलका होता. माझ्यासमोर रिकामं ताट होतं आणि बोटांना तुपाचा वास येत होता.

"न्हाई," मी म्हटलं. "तुमच्या आधी कशी जेवू?"

पलीकडं चमचा ताटलीत ठेवल्याचा आवाज आला. मी हात धुवायला उठले.