उघड्या शिंपल्यावर टिचकी

वेंगुर्ल्याहून घाट चढून बेळगावात कालवं आली की शेजारच्या आक्का ती शिंपल्यांसकट ताटात मांडतात, वर ओलं फडकं टाकतात आणि ताट फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवतात. “डब्यात कोंडू नगं, नळाच्या पाण्यात घालू नगं. जीव हाय त्येला,” असं मला दरवेळी सांगतात. एखादा शिंपला उघडा दिसला की नखानं टिचकी मारून वाट बघतात. मिटला तर जिवंत, नाहीतर टाकून देतात.

परवा दुपारी त्यांचे मालक, आप्पा, आरामखुर्चीत तोंड उघडं टाकून झोपले होते. हिरव्या पडद्यातून येणाऱ्या उजेडात सगळी खोली पाण्याखाली असल्यासारखी वाटत होती. आक्कांनी कालवांचं ताट ठेवून फ्रीजचं दार लावलं, जाता जाता आप्पांच्या मनगटावर तशीच टिचकी मारली आणि थांबल्या.

आप्पांनी तोंड मिटलं. मग त्या चहा ठेवायला गेल्या.