उत्तरपक्ष पुढच्या शनिवारी

देवावर वाद घालणाऱ्यांच्या गोष्टी साठवाव्या लागत नाहीत, त्या आपोआप साठतात. चार माणसं पिकापाण्यावर बोलायला बसली तर जेवायच्या वेळेपर्यंत विषय संपतो. देवावर बसली की संपवणार कोण? ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय तो तर कधी मध्ये पडत नाही! आमच्या बेळगावच्या शनिवार सभेचे किस्से असेच साठलेत. आता तुम्ही सापडलाच आहात, तर बसा.

तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं आणि मी कॅम्पातल्या मिशन शाळेत मास्तर होतो. शाळेच्या हॉलमध्ये पाद्रीसाहेब दर शनिवारी संध्याकाळी सभा भरवीत. विषय कायमचा एकच, देव कसा आहे? हेतूही उघड होता. ऐकता ऐकता कुणीतरी ख्रिस्ती व्हावं!

येणारे आम्ही चौघे. वामनशास्त्री म्हणजे गावातले नावाजलेले विद्वान, चातुर्मासात देवळात पुराण सांगणारे. अनगोळचे आप्पा पाटील, भरपूर जमीन, त्याहून भरपूर आवाज. शाळेतले सॅम्युएल मास्तर, आमच्यातले एकटे ख्रिस्ती. आणि मी. इतक्या वर्षांत बाप्तिस्मा एकाचाही झाला नाही. चहा मात्र पुष्कळ झाला.

मडम वारल्यापासून पाद्रीसाहेब बंगल्यात एकटेच असत. शनिवारी दुपारपासूनच ते हॉलमध्ये येऊन खुर्च्या मांडत. पाच खुर्च्या मांडायला एवढा वेळ कशाला लागतो, असं मला तेव्हा वाटायचं.

* * *

सभेचा कायदा शास्त्रीबुवांनी घालून दिला होता. आपल्या जुन्या पंडितांची रीतच ती. दुसऱ्याचं मत खोडायचं असेल तर आधी ते मत त्याच्यापेक्षा चांगलं मांडून दाखवायचं. हा पूर्वपक्ष. समोरच्यानं मान डोलवून "होय, हाच माझा पक्ष" असं म्हटलं, की मगच ते खोडायचं. हा उत्तरपक्ष.

पाद्रीसाहेबांना ही रीत फार आवडली. तिकडे म्हणे लोक एकमेकांचं ऐकायच्या आधीच खोडायला लागतात. इकडेही तेच करतात, पण शास्त्रीबुवांसमोर ते कोण बोलणार!

तर आमच्या सभेत ख्रिस्ती धर्म मांडायचे शास्त्रीबुवा आणि वेदान्त मांडायचे पाद्रीसाहेब. सॅम्युएल मास्तर तेवढे गप्प. मी एकदा विचारलं, "मास्तर, तुम्ही कुठल्या पक्षाचे?"

"शनिवारी मला पक्ष नाही," ते म्हणाले. "माझा रविवारी."

* * *

शास्त्रीबुवांनी जन्मात कधी हार मानली नाही. हे विधान मी जपून करतोय, कारण मी पुरावा पाहिलाय.

पावसाळ्यात हॉलची पायरी शेवाळायची. एका शनिवारी शास्त्रीबुवा आले, पाय सटकला आणि धप्पकन खाली आपटले. पाद्रीसाहेब धावत आले. "शास्त्रीबुवा! पडलात काय?"

"नाही," शास्त्रीबुवा म्हणाले. "बसलोय."

आता आली पंचाईत! बसलोय म्हटल्यावर लगेच उठता येईना. पाद्रीसाहेबांनी त्यांच्याकडे एकदा बघितलं, आत गेले आणि एकेक करून सगळ्या खुर्च्या बाहेर घेऊन आले. त्या दिवशी आत्म्याच्या अमरत्वावर अख्खी सभा पायरीपाशी झाली. शास्त्रीबुवा शेवाळावर, आम्ही खुर्च्यांवर. धोतराला हिरवा डाग पडला होता, पण त्याचा उल्लेख कुणी केला नाही.

* * *

आप्पांना आदिपाप पटत नसे. पहिल्या माणसानं देवाचा हुकूम मोडून फळ खाल्लं आणि ते पाप पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांना लागलं, हे पाद्रीसाहेबांनी सांगितलं की आप्पा खुर्चीवरून उठायचे.

"अवो सायेब, आज्जानं कुनाच्या मळ्यातली काकडी खाल्ली म्हून नातवाला शिक्षा? असला पंच आमच्या अनगोळात एक दिवस ठेवनार न्हाय!"

शास्त्रीबुवा खूश. तेवढ्यात सॅम्युएल मास्तर चहा गाळता गाळता म्हणाले, "आप्पा, तुमच्या शेजारच्या मळेवाल्याशी तुम्ही बोलता का हो?"

"त्याच्याशी? थोबाड बघत न्हाय त्याचं!"

"का बरं?"

"त्याच्या पणज्यानं आमच्या पणज्याचा बांध कोरला हुता."

आप्पा हळूच खाली बसले. बशीतल्या चहाकडे बघत म्हणाले, "आयला... हाय की खरं."

आमच्या सभेत पाद्रीसाहेबांच्या बाजूनं लागलेला हा एकमेव निकाल. तोही त्यांनी लावलेला नव्हता.

त्याच दिवशीची गोष्ट. शास्त्रीबुवा मिशनचा चहा घेत नसत, पाणी घरून तांब्यातून आणत. पाद्रीसाहेब त्यांच्यासाठी केळी ठेवायचे, कारण फळाला विटाळ नाही. केळं सोलताना शास्त्रीबुवा म्हणाले, "गंमत बघा साहेब. आमच्याकडे कुणाच्याही हातचं चालतं ते फक्त फळ. आणि तुमच्याकडे नेमकं तेच नडलं!"

पाद्रीसाहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला.

* * *

निपाणीच्या व्याह्यांचा प्रसंग मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. निदान शास्त्रीबुवांना तरी.

शास्त्रीबुवांची मुलगी निपाणीत दिलेली. सासरे वकील, तंबाखूच्या व्यापाऱ्यांची कामं बघणारे, स्वभावानं कडक. ते एकदा कामासाठी बेळगावला आले, शास्त्रीबुवा घरी नाहीत म्हणून विचारत विचारत मिशनच्या आवारात पोचले. खिडकी उघडी होती. आतून शास्त्रीबुवांचा खणखणीत आवाज येत होता, "येशू ख्रिस्त हाच एक तारक! त्याच्यावाचून मनुष्याला गती नाही!"

वकीलसाहेब पाऊल न वाजवता मागे फिरले आणि मिळेल त्या सर्व्हिस मोटारीनं निपाणीला गेले. आणखी थोडा वेळ थांबते तर उत्तरपक्ष ऐकायला मिळाला असता! पण माणसं नेमकी अर्ध्यावर उठतात. सोमवारपर्यंत निपाणीत बोभाटा झाला, शास्त्री बाटला.

शास्त्रीबुवा तडक निपाणीला गेले, व्याह्यांच्या ओट्यावर बसले आणि तारकवादाचा उत्तरपक्ष सुरू केला. ऐकायला गल्ली जमली. बोलता बोलता ऊन ओट्यावरून अंगणात गेलं. शेवटी व्याही हात जोडून म्हणाले, "पुरे हो! तुम्ही हिंदूच आहात, कबूल! पण आता पानं वाढलीत, उठा!"

तेव्हापासून सभेत नवीन कायदा झाला. पूर्वपक्षाला खिडक्या बंद, उत्तरपक्षाला उघड्या. हे काम आप्पांकडे. मे महिन्यात शास्त्रीबुवा बायबल मांडायला लागले की आम्ही घामानं निथळायचो. नरकाची कल्पना मला त्या हॉलमध्येच चांगली आली!

* * *

आता पाद्रीसाहेबांचं. त्यांनीही एकदा घात करून घेतला. रविवारी चर्चमध्ये कर्मसिद्धान्तावर प्रवचन होतं. शनिवारची सवय! त्यांनी आधी पूर्वपक्ष मांडला. जसं करावं तसं भरावं, या जन्मी नाही तर पुढल्या जन्मी... असा रंग भरला की त्यातच वेळ संपली. खोडायचं राहूनच गेलं.

बाहेर पडताना खानापूरकडच्या एका म्हाताऱ्या ख्रिस्ती बाईनं त्यांचा हात हातात घेतला. डोळ्यांत पाणी. "सायेब, इतकी वर्सं चर्चला येतीया. पर आज पैल्यांदा समदं समजलं बगा!"

कुणीतरी मुंबईला तक्रार केली. तिथून मिशनचे मोठे साहेब येणार असं ठरलं. आयुष्य नगरकडे गेलेलं, मराठी पक्की, शिस्त त्याहून पक्की. निरोप आला तो असा, की शनिवारच्या सभेतून मिशनला काही मिळत असेल तर ती चालेल. नसेल तर बंद, आणि पाद्रीसाहेबांची बदली लोंढा स्टेशनच्या पलीकडच्या रानातल्या ठाण्यावर. तिथे बोलायला माकडं!

पाद्रीसाहेबांनी आम्हाला हे चहा ओतता ओतता सांगितलं. कप भरून चहा बशीत सांडला तरी ते ओततच होते. मला फार वाईट वाटलं.

* * *

मोठे साहेब आले त्या शनिवारचा विषय होता त्रैक्य. देव एक असून पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असे तीन कसे? पक्ष मांडायची पाळी शास्त्रीबुवांची.

आप्पा, मी आणि शास्त्रीबुवा खडे बाजारातून चालत निघालो. वाटेत शास्त्रीबुवांनी अख्खा उत्तरपक्ष ऐकवला. ते अगदी रंगात आले होते. "प्रेमाला दुसरा लागतो म्हणे! अहो, ज्याला दुसऱ्याची गरज लागते तो अपुरा. आणि अपुरा असेल तो देव कसला? संपलं त्रैक्य!" मिशनच्या फाटकापर्यंत त्रैक्याचं काही शिल्लक राहिलं नव्हतं.

आप्पांनी खिडक्या लावल्या. मोठे साहेब पहिल्या खुर्चीवर बसले, चेहरा न्यायाधीशासारखा. शास्त्रीबुवा उठले.

मी त्यांचे पुष्कळ पूर्वपक्ष ऐकलेत. पण त्या दिवसासारखा नाही. ते म्हणाले, "देव प्रेमस्वरूप आहे हे मानलं, तर एक प्रश्न येतो. सृष्टी नव्हती तेव्हा तो प्रेम कुणावर करीत होता? रिकाम्या घरात एकटाच राहणारा माणूस. त्याला प्रेमळ कशावरून म्हणायचं? खुर्च्या मांडल्या, पण यायला कुणी नाही. म्हणून देवाच्या ठायीच दुसरा असला पाहिजे, आणि त्या दोघांना बांधणारं प्रेम हे तिसरं."

कायद्याप्रमाणे पाद्रीसाहेबांनी "होय, हाच माझा पक्ष" म्हणायचं होतं. त्यांनी ते म्हटलं, पण शास्त्रीबुवांकडे न बघता.

मोठे साहेब उभे राहिले. चेहरा पार बदललेला. पाद्रीसाहेबांना विचारलं, "हा गृहस्थ आपला झाला?"

एक मान हलवली असती की काम झालं होतं! सभा वाचली असती, बदली टळली असती. आम्ही सगळे पाद्रीसाहेबांकडे बघत होतो.

"नाही साहेब," ते म्हणाले. "बसा. शास्त्रीबुवांचा उत्तरपक्ष व्हायचाय."

मोठ्या साहेबांचा चेहरा पुन्हा न्यायाधीशासारखा झाला. ते बसले. आप्पांनी सवयीनं खिडक्या उघडल्या. मोठ्या साहेबांची मोटार बघायला जमलेलं निम्मं गाव बाहेर होतं. प्रत्येक खिडकीत डोकी आली.

शास्त्रीबुवांनी तांब्यातलं पाणी घेतलं. उपरणं नीट केलं. तोंड उघडलं, मिटलं. पाद्रीसाहेबांकडे बघितलं, मग त्या मांडलेल्या खुर्च्यांकडे.

"याला उत्तर," ते म्हणाले, "मला आज सुचत नाही."

खिडकीत कुजबुज सुरू झाली. आप्पांना राहवेना. "अवो शास्त्रीबुवा, आत्ता वाटंत तर..." एवढ्यात सॅम्युएल मास्तरांनी अख्खं बिस्किट त्यांच्या तोंडात कोंबलं.

मोठे साहेब पुढे झुकले. "मग केव्हा सुचेल?"

"बघू. पुढच्या शनिवारी."

आता ज्या सभेत असल्या विद्वानाला ख्रिस्ती मतावर उत्तर सापडेना, ती सभा कोण बंद करील? मोठे साहेब पाद्रीसाहेबांची पाठ थोपटून मुंबईला गेले.

शास्त्रीबुवांना ते महाग पडलं. शास्त्री पाद्र्याशी वादात हरला, असं गावभर झालं. त्या चातुर्मासात देवळातलं पुराण दुसऱ्याला दिलं. निपाणीहून व्याह्यांनी माणूस पाठवून विचारलं, उत्तरपक्ष कधी? शास्त्रीबुवांनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, "पुढच्या शनिवारी."

पुढच्या शनिवारी पाद्रीसाहेब विचारायचे, "सुचलं?" शास्त्रीबुवा केळं सोलत म्हणायचे, "नाही. पुढच्या शनिवारी." मग दुसरा विषय निघायचा. अशी कितीतरी वर्षं गेली.

* * *

इंग्रज जायच्या सुमारास पाद्रीसाहेबही थकले आणि मायदेशी निघाले. आम्ही स्टेशनवर गेलो. शास्त्रीबुवांनी केळ्यांची फणी नेली होती. गाडी सुटताना पाद्रीसाहेब खिडकीतून म्हणाले, "शास्त्रीबुवा, आता तरी सांगा. तुमचा उत्तरपक्ष राहिला."

"घाई काय आहे साहेब?" शास्त्रीबुवा गाडीबरोबर चालत म्हणाले. "पुढच्या शनिवारी!"

पुढच्या शनिवारी शाळेत माझी काही पुस्तकं राहिली होती ती आणायला मी गेलो. हॉलला कुलूप होतं. रिमझिम चालली होती. पायरीवर, त्याच शेवाळावर, शास्त्रीबुवा दिसले. शेजारी पाण्याचा तांब्या.

मी धावत गेलो. "शास्त्रीबुवा! पडलात काय?"

"नाही," ते म्हणाले. "बसलोय."