उलटी न केलेली जाळी

आमच्या ताईला घरात सगळे भिंगरी म्हणतात. जेवताना तिचा गुडघा हलत असतो, फोनवर बोलताना ती अख्खं घर पालथं घालते, आणि गॅससमोर उभं राहण्याइतकाही धीर नसल्यामुळे तिचं दूध हमखास उतू जातं. अशा बाईला नोकरी कुठली मिळावी? पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत, दिवसभर भिंगाला डोळा लावून बसायची.

ओढ्यातून आणलेला गाळ, कुजकी पानं, काड्या, सगळं पांढऱ्या ट्रेमध्ये ओतायचं आणि चिमट्याने त्यातले किडे वेगळे काढायचे. कुठला किडा आहे आणि कुठला नाही, यावरून पाण्याची तब्येत सांगायची. मी एकदा तिच्या ऑफिसात गेले होते. टेबलावर तिचे हात अगदी स्थिर होते आणि टेबलाखाली पाय थयथय नाचत होते. शेजारच्या बाईंनी आपल्या भिंगाखाली रबराचा जाड तुकडा ठेवला होता. "तुमची ताई आली की भूकंप येतो," त्या म्हणाल्या.

किड्यांचं हे वेड तिला आमच्या ओढ्यानं लावलं. दादाच्या मळ्याच्या कडेनं तो वाहतो. लहानपणी आम्ही तिघं वरच्या अंगाला, झाडांच्या गर्द सावलीत, पाण्यात पाय सोडून बसायचो. आधी पाय काढेल तो हरला. पाणी इतकं गार असायचं की हाडं ठणकायची. दादा ओठ चावून बसून राहायचा, मी रडत रडत बसायचे, आणि ताई सगळ्यांत आधी टुणकन उडी मारून बाहेर. ती एकदाही जिंकली नाही. पण बाहेर पळाली की दगड उलटे करत बसायची, आणि तिथंच तिला दोनशेपट्या भेटला. दगडाच्या पोटाला चिकटून राहणारा तपकिरी किडा, मागे दोन बारीक शेपट्या. पुस्तकात त्याला लांबलचक नाव आहे, पण आमच्यात हेच चालतं. त्याला गार, वाहतं, स्वच्छ पाणी लागतं. पाणी जरा कोमट झालं की पहिला हाच जातो.

गेल्या वर्षी दादानं खालच्या अंगाची झाडं तोडली आणि भाजीचे वाफे थेट काठापर्यंत नेले. यंदा वरची तोडायची म्हणाला. ताईनं फोनवर आकाशपाताळ एक केलं.

"अरे, सावली गेली की पाणी तापतं! गेले दोन उन्हाळे आधीच कसले भाजून काढणारे गेलेत, बघितलेस ना?"

"किड्यांसाठी झाडं ठेवू? उद्या डासांसाठी डबकं ठेव म्हणशील."

भांडण वाढत गेलं आणि शेवटी दादाच म्हणाला, "हे बघ, खालच्या अंगाला तुझा दोनशेपट्या अजून राहत असेल, तर झाडांचा काही संबंध नाही. मी वरची तोडणार. नसेल, तर एका फांदीला हात लावणार नाही."

दादाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. ताई पुढच्याच रविवारी स्वतःची जाळी घेऊन गेली, आणि डबे धरायला मला ओढून नेलं. बस वरच्या अंगाला सोडते, म्हणून तुलनेसाठी आधी तिथं जाळी बुडवून एक डबा भरला, मग पळत खाली आलो. परतीच्या बसचा हॉर्न वाजेपर्यंत तिचा एक पाय ओढ्यात आणि एक रस्त्यावर होता.

दोन दिवसांनी खालच्या अंगाच्या डब्यात तिला दोनशेपट्या सापडला. एकच, पण सापडला. तिनं तडक दादाला फोन केला.

मी इतकी चिडले! "सांगायची काय घाई होती? चिमट्यातून पडला म्हणायचं."

"होता. होता म्हणजे होता," ती म्हणाली, आणि घरभर फेऱ्या मारायला लागली.

दादानं पुढच्या रविवारसाठी करवतवाले ठरवले. आठवडाभर ताईनं मला वीट आणला. भाजी चिरता चिरता थांबायची, "पण एकच कसा?" आंघोळीतून ओरडायची, "त्याच्या जोडीचे बाकीचे कुठं गेले?" मी म्हटलं, तुझं डोकं खायला गेले असतील.

शनिवारी मी गॅलरीतले कपडे काढत होते. तारेवर तिची जाळी वाळत होती. मी ती काढायला गेले तर ताईनं माझ्या हातातून हिसकावली आणि कोपऱ्यातली शिवण नखानं उसवली. आत वाळून कडक झालेला आणखी एक दोनशेपट्या. वरच्या अंगाचा. शिवणीत अडकून तो जाळीबरोबर खाली आला होता, आणि त्याचा सोबती खालच्या अंगाच्या डब्यात पडला होता.

एका जागचं पाणी घेतलं की जाळी उलटी करून धुवायची, मगच दुसरीकडे बुडवायची, हे ती ऑफिसात सगळ्यांच्या कानीकपाळी ओरडते, आणि त्या रविवारी बसच्या घाईत स्वतःच विसरली होती. "लोका सांगे ब्रह्मज्ञान," मी सुरू केलं. ती हसली नाही. खुर्चीवर बसली, आणि तिचा गुडघा हलत नव्हता. मला भीतीच वाटली.

"तो म्हणेल, हरली म्हणून डाव मोडते," ती म्हणाली.

दादा अगदी तेच म्हणाला. "वा! सापडला तेव्हा खरा, आता खोटा?"

"तू शोध," ताई म्हणाली. "जाळी तू धर. सापडला तर करवतवाल्यांना मी स्वतः चहा करून देईन."

रविवारी करवतवाले काठावर बसून विड्या ओढत होते आणि आमचा दादा, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून, खालच्या अंगाला दगड उपसत होता. वाफ्यांची माती वाहून येऊन दगड गाळात रुतले होते. लाल अळ्या मिळाल्या, गोगलगायी मिळाल्या. तो इरेला पेटला होता. दुपार झाली तरी कंबर धरून वाकत होता. ताई काठावर येरझाऱ्या घालत होती आणि तोंडातून चकार शब्द काढत नव्हती, जे तिच्या आयुष्यात प्रथमच घडत होतं.

शेवटी तो चिडून म्हणाला, "मुळात दिसतो तरी कसा हा?"

आम्ही वर सावलीत गेलो. त्यानं बरेच दगड उलटले, तेव्हा कुठं एक मिळाला. दादा त्याच्याकडे खूप वेळ बघत राहिला. मग दगड होता तसा खाली ठेवला आणि करवतवाल्यांना ओरडून सांगितलं, "जा रे, घरी जा."

मला आनंदानं नाचावंसं वाटलं. ताई मात्र म्हणाली, "पूर्वी प्रत्येक दगडाखाली असायचे."

दमून तिघंही काठावर बसलो, पाण्यात पाय सोडून. दादानं माझ्याकडे बघून डोळा मारला. शर्यत. मी दात आवळून तयार झाले, पण ठणका काही आला नाही. वर झाडं तशीच गर्द होती, सावलीही तीच होती. बराच वेळ गेला. दादाला कंटाळा आला, त्यानं पाय काढले. मग मीही काढले.

ताई तशीच बसून होती, मुळीच न हलता.

"जिंकलीस की भिंगरे!" दादा म्हणाला.

तिनं वर पाहिलं तर डोळे भरले होते. "दादा," ती म्हणाली, "पाणी गारच नाहीये रे."