वाळवलेल्या टरफलांचा आकडा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि माझ्या पोटात काही राहत नाही, अशी तिची खात्री आहे.

आधी एक सांगू? माझा हात चांगला होता. जळगावच्या कॉलेजात मी प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर. एक ग्रॅम कोळसा, एक ग्रॅम बाभळीचं लाकूड, एक ग्रॅम गोवरी — जोखायचं, बंद भांड्यात जाळायचं, भोवतालचं पाणी किती तापलं ते बघायचं. कशात किती उष्णता, ते निघतं. मी तीनदा मोजलं तर तिन्ही आकडे जुळत. आमच्या प्राध्यापकांचे जुळत नसत. याचा मला अभिमान होता — होता कशाला म्हणू? आहे.

दोंडाईच्याच्या एका तेलगिरणीचा बॉयलर भुईमुगाच्या टरफलांवर चालायचा. त्यांत दम किती, ते शेठजींना मोजून हवं होतं. नमुन्याचं पोतं घेऊन त्यांचे भट्टीवाले दगडू आबा आले. बारा वर्षं त्या बॉयलरपाशी उभा राहिलेला माणूस. मी रीतीप्रमाणे टरफलं आधी वाळवली. आबा बघत होते. म्हणाले, "भाऊ, आमनं टरफल इतलं सुकेल नही ऱ्हास."

मी हसलो. तुम्ही आग सांभाळा, आकडे माझ्याकडे — असं काहीसं बोललो. ग्रॅमला साडेचार हजार कॅलरी! सुवाच्य अक्षरात लिहून दिलं. 'वाळवून' हा शब्द मात्र लिहिला नाही. विसरलो का? नाही. त्यानं आकड्याची ऐट जात होती.

दोन महिन्यांनी शेठजींनी गिरणीवर बोलावलं. माझ्या आकड्यावरून जितकी पोती पुरायला हवीत, त्याहून कितीतरी जास्त संपत होती. म्हणजे आबा टरफलं बाहेर विकतात — त्यांचा निष्कर्ष सरळ होता. आत जाताना मी ढिगात हात घातला. ओलसर. शेंगा फोडताना दाणा तुटू नये म्हणून आधी पाणी शिंपडतात, हे खानदेशात कुणाला माहीत नाही? मलाही होतं. पोत्याच्या वजनात पाणी होतं, आणि पाणी जळत नाही.

आबा समोरच उभे होते. शेठजींनी विचारलं, "मास्तर, आकडा पक्का ना?"

"पक्का," मी म्हणालो.

खोटं कुठे होतं त्यात? आकडा पक्काच होता. आजही कुणी मोजून बघावा. पण शेठजी आबांबद्दल विचारत होते, हे मला कळत होतं. टरफलं ओली आहेत म्हटलं असतं तर माझ्या कागदात चूक निघाली असती — तेवढंच.

आबांनी फावडं भिंतीला टेकवलं. "तुमना काटा खरा शे, भाऊ," ते म्हणाले. "मंग त्यालेच इचारा, मी चोर शे का?"

कुणी विचारलं नाही. ते ताठ मानेनं फाटकाबाहेर गेले. चहा आला, मी घेतला. पुढे कुठल्याच गिरणीनं त्यांना ठेवलं नाही, असं कानावर आलं.

आबा चोर नव्हते. मला माहीत होतं. आणि तो आकडा मी नंतर वर्षानुवर्षं मुलांना सांगत आलो — अभिमानानं.