प्लॅस्टिकखालची वाफ

माझा धाकटा भाऊ गॅरेजच्या जमिनीवर रंगाचा जाड थर देतो. कामात वाघ! पण भावजय गेल्यापासून लोकांनी त्याचं नाव ‘थांबा’ पाडलंय. काँक्रीट वरून कितीही कोरडं दिसू दे, आत ओल असली तर रंग पापुद्र्यांनी सुटतो. म्हणून तो आधी जमिनीवर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपनं चिकटवतो आणि दुसऱ्या दिवशी बघतो. आतून वाफ धरली, तर थांबायचं. नाही धरली, तर रंग लावायचा. इतकं साधं. पण हा जिथं जाईल तिथं ‘थांबा, ओल आहे’ म्हणायला लागला. गिऱ्हाइकं कंटाळून दुसरीकडे गेली.

मी म्हटलं, बास झालं. माझं गॅरेज रंगव, तेही माझ्या डोळ्यांदेखत. धंदा बसला तर खाणार काय, माझं डोकं?

आला बिचारा. प्लॅस्टिक चिकटवलं आणि मुक्कामाला राहिला. सकाळी मी चहा घेऊन गॅरेजमध्ये गेले, तर हा पालथा पडलेला. प्लॅस्टिकचा कोपरा उचलून, गाल जमिनीला टेकवून आत श्वास सोडत होता. वाफ यायची, विरायची. हा पुन्हा सोडायचा.

हे मी पाहिलं होतं. दवाखान्यात भावजयीच्या तोंडावर मास्क होता, प्लॅस्टिकचाच. आतून वाफ धरायची, जायची, परत धरायची. हा शेजारी बसून तेवढंच बघायचा. मग एकदा मास्क कोरडाच राहिला.

“काय चाललंय रे हे?” मी विचारलं.

त्यानं मान वर केली नाही. “कोरडं आहे ताई,” म्हणाला. “सगळ्या गिऱ्हाइकांची जमीन कोरडीच होती. पण तोंडातून निघत नाही गं. कोरडं म्हटलं, की ती पुन्हा जाते.”

मी त्याच्याजवळ जमिनीवरच बसले. वर्षभर आम्ही सगळे त्याला ‘धीर धर’, ‘जेवून घे’ एवढंच म्हणत आलो होतो. तिचं नावसुद्धा कुणी काढत नव्हतं.

“गेली रे ती, राजा,” मी म्हणाले. “तेव्हाच गेली. तुझ्या म्हणण्यानं नाही गेली.”

लहानपणी रडायचा तसा हुंदके देऊन रडला. मग स्वतःच उठला, टेप ओढून काढली, जमिनीवरून हात फिरवला.

“कोरडं आहे,” म्हणाला, आणि रंगाचा डबा उघडायला लागला.

“थांब जरा,” मीच म्हणाले. “आधी चहा घे.”