कच्च्या लाकडाचं दार

सुतारदादांच्या घरात माळ्यावर सहा फळ्या होत्या. एक जुना पूल मोडीत निघाला तेव्हा त्यांनी त्या निवडून आणल्या आणि पंधरा वर्षं सावलीत वाळवल्या. दर सहा महिन्यांनी ते शिडी लावून वर चढत, एकेक फळी उलटी करत, बोटाच्या पेरानं टकटक करून कान लावत आणि समाधानानं खाली उतरत. या फळ्यांची त्यांची स्वतःची शवपेटी व्हायची होती.

बायकोला हे मुळीच पसंत नव्हतं. "माणसं माळ्यावर गाद्या ठेवतात, जुनी भांडी ठेवतात," ती म्हणायची. "आमच्याकडे यांचं मरण ठेवलंय. तेही धूळ झटकून."

"आयुष्यभर दुसऱ्यांच्या पेट्या केल्या. एकही माणूस तक्रार घेऊन परत आला नाही."

"येईल कसा?"

पण दारांचीही तक्रार नव्हती, हे तिलाही मान्य करावं लागे. चाळीस वर्षांत त्यांनी बसवलेलं एकही दार कुरकुरलं नव्हतं. लोक पाहुण्यांना आधी दार दाखवत आणि मग घर. सुतारदादा रस्त्यानं चालताना उगाच कुठल्या तरी उंबऱ्याशी थांबत, आपलं दार एकदा उघडून मिटून बघत आणि घरमालकाला न विचारता पुढे जात.

त्यामुळे चर्चच्या जुन्या दाराला वाळवी लागली तेव्हा कमिटीनं दुसऱ्या कुणाला विचारलंच नाही. कमिटीचे सचिव निवृत्त मुख्याध्यापक होते. ठराव झाल्याशिवाय ते शिंकतसुद्धा नसत, असं लोक म्हणत.

"बारा दिवसांवर बिशप येताहेत," सचिव म्हणाले. "बारा दिवसांत होईल?"

"माझ्याकडून?" सुतारदादा हसले. "नऊ."

वखारीत गेले तर लाकूड होतं ते नुकतंच कापलेलं. नख दाबलं की ओल वर येत होती. असं लाकूड वर्षभर तरी उभं करून ठेवायला हवं, हे कुणी त्यांना शिकवायची गरज नव्हती. त्या दुपारी जेवून उठल्यावर ते बराच वेळ माळ्याखाली उभे राहिले. सहा फळ्या वर होत्या. दाराला जेमतेम पुरल्या असत्या. त्यांनी वर पाहिलं, खाली पाहिलं, हात धुतला आणि वखारीत जाऊन कच्चं लाकूड उचललं. दार नवव्या दिवशी बसलं. पॉलिशचे चार हात दिले. बिशपनी दारावरून हात फिरवला आणि "वा" म्हटलं.

त्या वर्षी चर्चचे पाळकसाहेब रविवारच्या उपदेशात सात पत्रांवर बोलत होते. पवित्र शास्त्राच्या शेवटच्या भागात सात शहरांतल्या सात मंडळ्यांना, म्हणजे तिथल्या चर्चना, लिहिलेली ही पत्रं आहेत. बहुतेकांत थोडी शाबासकी, मग कानउघाडणी, आणि प्रत्येकात जो टिकेल त्याला शेवटी वचन. पाळकसाहेब सावकाश बोलत. एका पत्राला त्यांना एक महिना लागे. सचिवांना ही पत्रं फार आवडत, कारण ती शाळा-तपासणीच्या अहवालासारखी होती.

दार बसलं तेव्हा पाचवं पत्र चाललं होतं, सार्दीसच्या मंडळीचं. तू जिवंत आहेस असं तुझं नाव झालंय, पण तू मेलेला आहेस, असा त्यातला इशारा. जागा हो, जे थोडं उरलंय ते तरी सावर. पाळकसाहेबांनी हे वाचलं तेव्हा सगळी मंडळी एकमेकांकडे बघत होती. इशारे शेजाऱ्याचे आणि वचनं आपली, अशी वाटणी तिथं फार पूर्वीच झाली होती. सुतारदादा तेवढे कुणाकडे बघत नव्हते. त्यांची मान मागून गरम झाली होती, आणि मागे त्यांचं दार होतं.

पुढच्या महिन्यात हवा ओलसर झाली. सहाव्या पत्राचा पहिला रविवार होता. पाळकसाहेबांनी वाचलं, की मी तुझ्यासमोर एक दार उघडून ठेवलंय आणि ते कुणालाही बंद करता येणार नाही. त्याच वेळी मागे वारा येतो म्हणून चर्चचा रखवालदार दार लावायला गेला.

दार हललं नाही.

त्यानं खांदा लावला. आणखी दोघे उठले. मग खुद्द सचिव बाह्या सारून आले. चौघांचे चेहरे लाल झाले, दार जिथल्या तिथं. पहिल्या बाकावरच्या आजींनी वळून पाहिलं आणि त्या मोठ्यानं म्हणाल्या, "अहो, वेड लागलं का? त्यांनी आत्ताच वाचलं ना, बंद होणार नाही म्हणून!"

सचिवांनी तवा तापलेला असावा तसा हात काढून घेतला.

सुतारदादांना बसल्या जागेवरून सगळं कळलं. दमट हवेनं कच्चं लाकूड फुगलं होतं आणि पूर्ण उघडल्यावर खालची कड फरशीच्या उंचवट्यात रुतली होती. दोन मिनिटं रंधा मारला असता तरी सुटलं असतं. पण तोवर कमिटीनं उभ्या उभ्या ठराव केला होता: कोणत्याही सभासदाने सदर दार बंद करण्याचा प्रयत्न करू नये.

मग जे सुरू झालं त्याला धरबंद राहिला नाही. उपासनेला कुत्री येऊ लागली आणि उपदेश संपेपर्यंत बसू लागली, जे सभासदांनाही जमत नव्हतं. वाऱ्यानं पाळकसाहेबांच्या उपदेशाची दोन पानं उडून समोरच्या चपलांच्या दुकानात गेली. दुकानदारानं ती वाचली आणि पुढच्या रविवारी उरलेली ऐकायला आला. दुसऱ्या चर्चचे लोक दार बघायला येत. एका जाड्या गृहस्थांनी ते लावून बघितलं आणि त्यांचा खांदा निखळला. ती घटना चमत्काराची साक्ष म्हणून नोंदवली गेली. शेवटी सचिवांना सुचलं, की समोरचं दार कधीच बंद होणार नसेल तर मागचं दार ठेवणं हा अविश्वास आहे. ते फळ्या ठोकून बंद करायचं काम सुतारदादांनाच मिळालं. या वेळी त्यांनी चांगलं वाळलेलं लाकूड वापरलं.

"सर," खिळे ठोकून झाल्यावर ते सचिवांना म्हणाले, "ते पुढचं लाकूड जरा ओलं होतं हो. म्हणून फुगलंय."

सचिवांचे डोळे भरून आले. "दादा, काय ही नम्रता!" आणि त्यांनी तीही इतिवृत्तात लिहून घेतली.

माळ्यावरच्या फळ्यांचं सुतारदादा बोलले नाहीत. आणि मग बोलणं आणखीच अवघड झालं, कारण बायकोचा थोरला भाऊ चर्चमध्ये येऊ लागला.

तो शिंपी होता. बारा वर्षांपूर्वी त्याला उपासनेला उशीर झाला होता, आणि सचिवांनी दार बोटभर उघडून, फटीतून घड्याळ दाखवून, पुन्हा लावून घेतलं होतं. तो घरी गेला तो गेलाच. आता कुणाचा तरी कोट हातावर टाकून रस्त्यानं जाताना तो थांबला, आत बघितलं आणि शेवटच्या बाकावर येऊन बसला. पुढच्या रविवारी कोट नसतानाही आला.

"उघडंच होतं," तो बहिणीला म्हणाला, जणू तिनं चोरीचा आरोप केला होता.

तिनं स्वयंपाकघरात जाऊन पदरानं तोंड पुसलं.

त्यानंतर हवा कोरडी झाली. सुतारदादांनी दाराखाली कागद सरकवून पाहिला. तो आत जाऊ लागला होता. कड सुटत होती. दुसऱ्या दिवसापासून ते रोज दुपारी ओलं पोतं पिशवीत घालून चर्चला जाऊ लागले आणि गुडघ्यावर बसून दाराच्या तळाला पाणी पाजू लागले. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटे, म्हातारा प्रार्थना करतोय.

चौथ्या दिवशी बायकोनं पिशवी उघडली. "हे पोतं रोज ओलं कशानं होतं?"

त्यांनी सगळं सांगितलं. वखार, पॉलिश, माळा, काहीच शिल्लक ठेवलं नाही. ती स्टुलावर बसली.

"म्हणजे मेल्यावर तुमची पाठ नीट टेकावी म्हणून देवाच्या घराला ओलं लाकूड?"

"हो."

"आणि दार लागलं की दादा पुन्हा यायचा नाही."

"तेच तर."

तिनं पिशवीतलं पोतं बाहेर काढून पाहिलं. मग उठली. "एवढ्याशा पोत्यानं काय होतंय? थांबा, मोठं देते."

दोन आठवडे दोघं आळीपाळीनं जात होती. पण शनिवारी सुतारदादांनी एक डोळा मिटून दाराची कड न्याहाळली आणि पोतं पिशवीतच ठेवलं. खाली पाणी, वर कोरडा वारा. दाराला पीळ पडला होता. इतका, की शिकाऊ पोरालाही लाज वाटावी. चाळीस वर्षांत असं दार त्यांनी दुसऱ्याचंही पाहिलं नव्हतं.

"उद्या सांगतो," ते घरी येऊन म्हणाले.

"दादासमोर?"

"सगळ्यांसमोर."

 तिनं पोतं पिळून दोरीवर वाळत टाकलं.

रविवारी ती पुढे गेली. सुतारदादांनी आधी शिडी लावली आणि सहाही फळ्या खाली उतरवल्या. त्यात उशीर झाला. हत्यारांची पिशवी खांद्याला लावून ते चर्चच्या पायऱ्या चढले आणि शेवटच्या पायरीवर असताना वाऱ्याचा एक झोत आला. महिनाभर न हललेलं दार फिरलं आणि त्यांच्या नाकासमोर धाडकन लागलं. त्यांनी ढकललं. पिळलेलं दार चौकटीत पाचरीसारखं बसलं होतं.

आत सातवं पत्र सुरू झालं होतं, लावदिकीयाच्या मंडळीचं. तू धड गरम नाहीस, धड थंड नाहीस, असा इशारा देऊन झाला होता आणि पाळकसाहेब प्रभूच्या वचनाशी पोचले होते, की पाहा, मी दाराशी उभा राहून ठोकतो आहे.

सुतारदादांनी दार ठोकलं.

आत पाळकसाहेबांचं वाचन थांबलं.

त्यांनी पुन्हा ठोकलं.

"को... कोण आहे?" सचिवांचा आवाज.

"मी. सुतार."

आतून एक मोठा श्वास ऐकू आला, सगळ्या मंडळीनं मिळून घेतलेला; प्रभूही सुतारच होता. मग आजी म्हणाल्या, "आले! आणि आमचे सचिव विचारतात कोण आहे!"

"पण आजी, काही पूर्वसूचना नव्हती," सचिव रडवेल्या आवाजात म्हणाले.

"अहो, ते हे आहेत!" बायको ओरडली. "आमचे हे!"

सुतारदादांनी कपाळ दाराला टेकवलं. पॉलिशखालून अजून ओल्या लाकडाचा वास येत होता. "ऐका," ते म्हणाले. "हे लाकूड कच्चं आहे. मला माहीत होतं. चांगलं लाकूड माझ्या घरी माळ्यावर होतं, ते मी माझ्या पेटीसाठी ठेवलं. दार फुगून अडकलं, आणि सुटायला लागलं तेव्हा मी त्याला पाणी मारलं. चमत्कार वगैरे काही नाही. मी आहे."

आत एक बाक करकरला. मग पावलं दाराशी आली.

"दाजी." शिंप्याचा आवाज. "म्हणजे माझ्यासाठी दार उघडं होतं ते लाकूड फुगलं म्हणून?"

"हो. आणि नंतर पाण्यानं."

"पाणी कुणी मारलं?"

"मी. आणि तुमच्या बहिणीनं."



"बारा वर्षांपूर्वी मी ज्या पायरीवर होतो, तिथंच उभे आहात तुम्ही."

"हो."

"कसं वाटतं?"

सुतारदादांनी विचार केला. "फार वाईट वाटतं हो."

"हं." पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. "सांगा, आतून काय करायचं?"

बिजागऱ्या आतल्या बाजूला होत्या. सुतारदादांनी बाहेरून सांगितलं, आधी खालची खीळ, मग मधली, वरची शेवटी. शिंप्याच्या खिशात कात्री होती आणि सचिवांच्या हातात वर्गणीचं पितळी ताट. कात्रीचं टोक खिळीखाली धरायचं आणि ताटानं ठोकायचं. "खालून वर, दादा, खालून वर! कापड नाहीये ते!" बायको बजावत होती. तिसरी खीळ निघाली, दार चौकटीतून सुटलं आणि आतल्या चौघांच्या अंगावर रेललं. त्याच्या कडेवरून शिंपी आणि सुतारदादा एकमेकांना दिसले. शिंप्यानं मानेनंच खूण केली, या.

दार भिंतीला टेकवून झाल्यावर सुतारदादा तिसऱ्या बाकावर जाऊन बसले आणि पाळकसाहेबांनी उरलेलं पत्र वाचलं. ते उरलेलं थोडंच होतं.

नवं दार माळ्यावरच्या सहा फळ्यांचं झालं. पण त्या फळ्या सुतारदादांच्या मापानं कापलेल्या होत्या आणि सुतारदादा दारापेक्षा बुटके. दार खालून चार बोटं आखूड पडलं. लावलं तरी फटीतून वारा येतो, रस्ता दिसतो आणि अंग चोरून एक मांजर येतं. शिंपी अजून शेवटच्या बाकावरच बसतो. फटीला लावायला कापडाची गुंडाळी शिवून देतो म्हणाला, पण त्याचा ठराव तीन बैठका झाल्या तरी व्हायचाय.

माळ्यावर गाद्या गेल्या. "आता मेलात तर कशात ठेवायचं?" बायकोनं विचारलं.

"कच्च्यात ठेव. तिथं कोण तक्रार करतंय?"

गेल्या सोमवारी सकाळी सचिव घरी आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. दाराच्या फटीतून गार वारा येतो, पाय आखडतात, काम नीट झालेलं नाही, असं त्यांनी तोंडावर सांगितलं आणि तसा लेखी कागदही दिला. सुतारदादांच्या कामाबद्दल चाळीस वर्षांत आलेली ही पहिली तक्रार. त्यांनी पुढे होऊन खुर्ची सरकवली.

"पुन्हा एकदा सांगा, सर," ते म्हणाले. "पहिल्यापासून."