निरोगी माणूस पाहिजे

आमच्या लॅबमध्ये काम थोडं आणि वाट पाहणं फार. मशीन आपलं फिरत असतं, आणि आपण स्टुलावर बसून एकमेकांची उणीदुणी काढायची. त्यामुळे किस्से फ्रीजरमधल्या नळ्यांहून जास्त झालेत!

काम म्हणाल तर एवढंच. रक्तात मायक्रोआरएनए नावाचे अगदी छोटे रेणू असतात. विषाणू छातीत शिरला की त्यांचं प्रमाण बदलतं. ते मोजून, ताप-खोकला दिसायच्या आधीच आजार ओळखता येईल का, हे पल्लवी शोधते. तिची सगळी पीएचडी त्यावर अडकली आहे. मी टेक्निशियन, सगळ्यांचा भैया, रक्त काढतो. आणि वर आमचे खोब्रागडे सर. त्यांचं एकच पालुपद, "एका नळीनं काही सिद्ध होत नाही!"

*

हे रेणू भारी नाजूक. बोलताना थुंकीचा कण नळीत उडाला तरी त्यांचे तुकडे होतात. म्हणून नळी उघडी असताना तोंड बंद, हा सरांचा नियम.

पल्लवीला स्थळ आलं होतं. मुलाच्या आईचा फोन नेमका कामाच्या वेळी आला. हिच्या हातात उघडी नळी, म्हणून फोन मी तिच्या कानाशी धरला. बाई बोलत राहिल्या, ही नुसती "हं… हं…"

संध्याकाळी निरोप आला. मुलगी फार शांत, ऐकून घेणारी, पसंत आहे! शांत, आणि पल्लवी! जिचा आवाज पार्किंगपर्यंत जातो!

नकार तिनंच कळवला. मला म्हणाली, "भैया, मी चुप बसली तर पसंत पडली. बोलली तर क्या होगा?"

*

ओमतीकडच्या दवाखान्यातून रक्ताचे नमुने संतोषच्या ऑटोतून येतात. वाटेत जास्त हादरले की लाल पेशी फुटतात, वरचं पिवळं पाणी गुलाबी होतं, आणि सगळं फेकावं लागतं. एकदा असा आख्खा डबा गेला. पल्लवी त्याच्यावर अशी काही बरसली की विचारू नका.

दुसऱ्या दिवशी संतोषनं घरून उशी आणली. डबा उशीवर, आणि शेजारी एक आजोबा फाटक्या सीटवर अवघडून बसलेले.

"अरे, उशी त्यांना दे ना!" मी म्हणालो.

"भैया, सवारी तो बोल लेती है. ये डिब्बा नहीं बोलता!"

*

आजाऱ्यांचं रक्त सहज मिळतं. अडतं ते निरोग्यांपाशी. तुलनेला तेही लागतंच, आणि निरोगी माणूस सुईला हात देत नाही.

पल्लवीनं बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून खोवा जलेबी आणून लोकांना बोलावलं. लोक आले, जलेबी खाल्ली, बाहीची बटणं लावली आणि गेले! ग्वारीघाटावर एका नावाड्यानं तर तिला उलट विचारलं, "दीदी, बीमार नहीं हैं तो खून काहे को दें?"

शेवटी सरांनीच बाही वर केली. "घे रे माझं. मला साधी शिंक येऊन जमाना झाला."

सरांचं पाहून आणखी काही जण पुढे आले. मी सगळ्यांचं रक्त काढलं आणि नळ्यांवर नुसते नंबर टाकले. कोणती नळी कोणाची हे पल्लवीला आणि सरांना कळू द्यायचं नसतं, म्हणजे मोजताना मन झुकत नाही.

*

त्याच दिवशी निकाल आला, आणि मी निरोग्यांचे नंबर तेवढे सांगितले. निरोग्यांच्या नळ्यांपैकी एक चक्क आजाऱ्यासारखी निघाली.

सर आलेख बघत बसले. "पल्लवी, हे निरोग्याला आजारी म्हणून राहिलं. तीच नळी उद्या परत मशीनला लाव. पुन्हा हेच आलं, तर हा विषय सोडावा लागेल."

ती बाहेर जाऊन रडली. मला फार वाईट वाटलं, पण नळी कोणाची ते सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा लावलं. पुन्हा तेच! तेवढ्यात माझा फोन वाजला. हातात मोजे होते, म्हणून स्पीकरवर टाकला. सरांच्या मॅडम होत्या. "आज साहेब येत नाहीत. पहाटेपासून ताप आहे, खोकून खोकून बेजार झाले."

मी पल्लवीला म्हणालो, "ती नळी सरांची होती."

ती उठली ती टाळ्या वाजवतच. "सरांना ताप आला! भैया, सरांना ताप आला!"

"काहून वं?" फोनमधून मॅडम कडाडल्या. "माणूस तापानं फणफणून राहिला, आन् तुम्ही टाळ्या वाजवून राहिले?"

मग तिकडे फोन कोणीतरी घेतला आणि सरांचा बसलेला आवाज आला.

"पल्लवी, एका नळीनं काही सिद्ध होत नाही."

"जी सर."

"भैयाला सुई घेऊन लवकर घरी पाठव. हिला अजून काही झालं नाही!"